सात न येणारा हात

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. त्यांनी माझ्या तळहातावर दोन लाल फासे ठेवले आणि म्हणाले, "फेक."

मी भोपाळहून आदल्याच आठवड्यात रायपूरला आले होते. सांख्यिकी खात्यात नोकरी. मध्य प्रदेशातून छत्तीसगढ वेगळं झालं तेव्हा कर्मचाऱ्यांची वाटणी झाली, तीत मी इकडे आले, आणि तात्यापारा नावाच्या मोहल्ल्यात एका मराठी कुटुंबाकडे वरची खोली रिकामी आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून हातात बॅग घेऊन त्यांच्या दारात उभी होते. समोर एक लांबच लांब टेबल. मी मुकाट्यानं फासे फेकले. चार आणि तीन.

"सात," ते म्हणाले. "आणखी एक डाव."

पाच आणि दोन.

"अवं, ये वं इकडे!" ते घरात तोंड करून ओरडले. "इतका बेकार हात म्या जिंदगीत नाही पाह्यला. खोली देऊन टाक हिले."

आतून काकू हात पुसत आल्या. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "घाबरू नको बाई," त्या म्हणाल्या. "यायले एक बिनकामाचा हात पाह्यजे होता. इतके दिवस माहा होता, पण आता मले कंटाळा आला."

अशी मला ती खोली मिळाली. पुढे माझ्या लक्षात आलं, की ह्या प्रकाराला आमच्या शास्त्रात नाव आहे. एखाद्या औषधाचा गुण येतो की नाही हे बघायचं तर औषध न घेतलेली माणसंही मोजावी लागतात. आठवी शिकलेल्या माणसाला हे कुणी शिकवलं होतं, कोण जाणे. मी मात्र एम.ए. होऊन त्या घरात औषध न घेतलेला माणूस म्हणून राहिले. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणू लागले.

त्या दिवसांत रायपुरात सगळंच अर्धवट होतं. आमचं कार्यालय शंकर नगरात एका भाड्याच्या बंगल्यात थाटलं होतं, आणि आपण आता घर राहिलो नाही हे त्या बंगल्याला अजून पटलेलं नव्हतं. साहेब निजायच्या खोलीत बसायचे. टपालाचा कारकून स्वयंपाकाच्या ओट्याशी. भोपाळहून ट्रकनं आलेल्या फायली न्हाणीघरात रचलेल्या होत्या, त्यामुळे कुणी चुकून नळ सोडला की एखाद्या जिल्ह्याची पीकपाहणी भिजायची. जो तो छाती फुगवून "अब तो राजधानी है भई" म्हणत होता. काकाजी म्हणत, "राजधानी झाली म्हन्तेत. आमच्या नळाले अजून कोनं सांगितलं नाही."

आता त्या टेबलाबद्दल सांगते. जुन्या दाराची फळी, तिच्यावर ताणून बसवलेलं ब्लँकेट, आणि पलीकडच्या टोकाला वीतभर उंचीची लाकडी भिंत. त्या भिंतीला रबराचे उंचवटे चिकटवलेले होते, आणि ते सगळे उंचवटे म्हणजे घरातल्या स्लिपरांचे कापलेले तळवे. "ह्या घरात चपलेचा जोड टिकत नाही," काकू सांगायच्या, "आणि चोराचा आळ उगीच पाऱ्यातल्या कुत्र्यायवर येते."

हे खूळ आणलं काकूंच्या भावानं. तो जहाजावर नोकरीला होता. परदेशातल्या जुगाराच्या मोठ्या अड्ड्यांवर क्रॅप्स नावाचा खेळ चालतो, तिथले वापरून बाद झालेले दोन फासे त्यानं मेहुण्याला भेट म्हणून आणले होते, आणि सोबत खेळाची माहितीही. फासे लांब टेबलावर फेकायचे. ते पलीकडच्या भिंतीला लागलेच पाहिजेत, आणि भिंतीला मुद्दाम रबराचे उंचवटे असतात, म्हणजे ते हवे तसे उसळावेत. डाव भरात असताना सात आले की संपलं, फासे दुसऱ्याच्या हातात जातात. तरीही काही लोक म्हणतात, की हात तयार असेल तर सात टाळता येतात. काकाजींनी ऐकलं ते एवढंच शेवटचं वाक्य.

त्यांची रीत अशी. दोन्ही फाशांची तोंडं सारखी जुळवायची, एकमेकांना चिकटवून तीन बोटांत धरायचे, आणि हलकेच असे सोडायचे की दोघं हवेत जोडीनं, सारखेच वेढे घेत जातील आणि भिंतीला जेमतेम टेकून बसतील. जोडीनं गेले तर दोघांवर एकच आकडा येणार. दोन-दोन, तीन-तीन. बेरीज सम. मग सात येणार कुठून? कागदावर हे बिनचूक आहे, मी तपासून पाहिलं. पण कागदावर भिंत नसते. कुणीही कसेही फासे फेकले तर छत्तीस वेळांत सरासरी सहा वेळा सात यायचे, हे मला कॉलेजात घोकून घेतलं होतं, आणि त्या घोकंपट्टीवर माझा विश्वास होता. म्हणजे तोवर होता.

त्यांचा उजवा हात म्हणजे त्या घरातला जावई होता. त्याला काम सांगायचं नाही. भाजीची पिशवी डाव्या हातात, पाण्याची बादली डाव्या हातात, सिलिंडर आला तर काकाजी बाजूला आणि काकू पुढे. नखं दर गुरुवारी. लग्नाकार्यात कुणी हात मिळवायला आलं की हे लांबूनच नमस्कार करत. पण फेकायचं काम असलं की तोच हात मोकाट. किल्ली दारातून फेकून खिळ्याला अडकवायची, साबण लांबून साबणदाणीत, कोथिंबिरीची जुडी अंगणातून थेट सुपात. "देवाले फुलंही दुरून फेकतेत," काकू म्हणायच्या. "आता देव काई बोलत नाही म्हून बरं हाय."

त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, दिवसातून दोनदा तरी यायचं: "डोळा मांगून येते, हात पहिले जाते." मी म्हणायचे, काकाजी, ह्याचा अर्थ काय? ते म्हणायचे, "तूच तं शिकलेली हायस."

रविवारी मात्र टेबलावर चादर पडायची. कारण रविवारी मितान यायचा.

मितान म्हणजे काय, हे मी भोपाळची असल्यानं मला कळायला वेळ लागला. छत्तीसगढात मैत्री नुसती होत नाही, ती करतात. देवापुढे नारळ फोडून दोन माणसं एकमेकांचे मितान झाली, की त्यांनी जन्मभर एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, फक्त मितान म्हणायचं. दोन्ही घरं सोयरी झाली असं समजायचं. अमरावतीकडून पोटासाठी आलेला एक मराठी माणूस आणि इथल्या खेड्यातला एक छत्तीसगढी माणूस रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये समोरासमोर काम करता करता मितान झाले होते. तिथे तापून लाल झालेली सळई रुळांमधून बाहेर येते. एकानं सांडशीनं ती पुढच्या रुळात घालायची, पलीकडच्यानं सांडशीनं तिचं तोंड पकडून फिरवायचं. काकाजी घालायचे, मितान पकडायचा. एके दिवशी सळई वाकडी उडाली, मितानच्या पायाला विळखा बसला, आणि गुडघ्याखाली पाय गेला. मिलनं चौकशी केली आणि लिहिलं, की अपघात, कुणाची चूक नाही. काकाजींनीही नंतर मिल सोडली. हे सगळं काकूंनी मला तांदूळ निवडता निवडता पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. मी ऐकून वाईट वाटून घेतलं आणि सोडून दिलं.

मितान तीनचाकी सायकल हातानं फिरवत यायचा. मांडीवर स्वतःच्या बारीतल्या, म्हणजे परसातल्या टोमॅटोंची पिशवी. "हव मितान," काकाजी म्हणायचे. "हव मितान," तो म्हणायचा. मग दोघं ओट्यावर बसून चहा प्यायचे आणि तासाभरात वीस-पंचवीस शब्द बोलायचे. मी एकदा काकाजींना विचारलं, तुमच्या मितानला फासे दाखवले नाहीत कधी? त्यांनी फासे खिशात टाकले. मला वाटलं, जुगाराची वस्तू म्हणून लाजत असतील.

त्याच सुमाराला काकूंचा भाऊ सुट्टीवर आला. म्हणाला, आता परदेशात जायला नको, गोव्यात बोटीवरही असले खेळ सुरू झालेत. चला भाऊजी, मी नेतो. तुमच्या हाताची परीक्षा होऊन जाऊ दे. काकाजींनी मान हलवली.

"मले खेळाचं नाही. मले फक्त पाहाचं हाय."

"काय पाहायचं त्यात? तिथले लोक स्वतःच म्हणतात, कसेही फेका, भिंतीला लागू द्या म्हणजे झालं. हातानं काही होत नाही हे त्यांना माहीत असतं, म्हणून तर फेकू देतात."

काकाजींनी एक फासा बोटांत फिरवून पाहिला. मग म्हणाले, "हातानं काईच होत नसंन, तं भिंतीले उंचवटे काहून लावले त्याईनं?"

काकूंचा भाऊ हसला. मी नाही हसले. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातल्या फायली उपसताना मी त्या एका वाक्याशी झगडत होते. हातानं काही होत नाही म्हणून फेकू देतात, हे खरं वाटत होतं. हातानं काही होत असणार म्हणून उंचवटे लावले, हेही खरं वाटत होतं. उंचवटे आहेत म्हणून काही होत नाही, असंही असेल. मग उंचवट्यांवर मात करणारा हात असू शकतो की नाही? साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "मैडम, फसल वाला आँकड़ा पहले दे दीजिए."

मी गुंतत गेले, ते असं. एका संध्याकाळी काकाजींनी माझ्यापुढे कोरी वही ठेवली आणि पहिल्यांदाच विनोद न करता बोलले.

"हे पाहा मॅडम. म्या अकरा वर्सांपासून फेकून राहिलो. कधी वाटते हात हाय, कधी वाटते नशीब हाय. मले सोताले काई समजत नाही. काकूले विचारलं तं ते म्हन्ते डोकं फिरलं. तू मोजून लिहून घे आन् शेवटी एक सांग. हाताचं हाय का नशिबाचं. जे असंन ते. मले ते पाह्यजे."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मला नाही म्हणता येईना. खूळ असलं तरी माणसाचं एवढं आयुष्य त्यात गेलं होतं. त्यांना त्या उत्तराची जरुरी होती आणि उत्तर देणारं त्या घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी हो म्हटलं.

मग रविवार सोडून रोज, मी ऑफिसातून आले की चहा, आणि चहानंतर छत्तीस फेकी. शंभर दिवस. त्यांच्या झाल्या की माझ्याही छत्तीस, तुलनेसाठी. मी टेबलाच्या कडेला स्टुलावर वही घेऊन बसायची. ते फासे जुळवायचे, श्वास सोडायचे, फेकायचे. मी आकडा लिहायची. लिहून होईतो ते पुढची फेक करून मोकळे. मध्येच म्हणायचे, "हे धरू नको."

पहिल्यांदा मी विचारलं, का?

"हातातून सुटतानाच बिघडली. एक फासा अर्धा वेढा जास्त गेला. तसं झालं का सातच येते. मले ते बोटातच समजते."

मी शिकलेली बाई. धरू नको म्हटलेल्या फेकीही मी लिहून ठेवायची, फक्त त्यांच्याभोवती पेन्सिलीनं गोल करायची. आपण किती काटेकोर, ह्याचं मला कौतुक होतं. दिवसाला अशा तीन-चार तरी व्हायच्या.

पावसाळा सरता सरता काकाजींचा हात थरथरू लागला. आधी मला वाटलं चहा गरम आहे. मग बशी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, हे वाढत जाईल. काकाजी दिवसाच्या छत्तिसाच्या बहात्तर फेकी करू लागले. आणि नेमकी त्याच महिन्यात माझी बिलासपूरला बदली झाली.

"जाच्या पहिले सांगून जा," ते म्हणाले. "कागदावर लिहून, सही करून. सरकारी कागद नको, पन सही पाह्यजे."

तीन दिवस मी खोलीत बसून आकडेमोड केली. सगळ्या फेकी एकत्र धरल्या, तर काकाजींचे सात अगदी नियमाप्रमाणे आले होते. माझ्या बिनकामाच्या हाताला जितके, तितकेच. म्हणजे अकरा वर्षं फुकट. पण गोल केलेल्या बाजूला काढल्या, तर उरलेल्या फेकींत सात इतके कमी, की योगायोग म्हणायला माझं शास्त्र तयार होईना. आणि गोलांमध्ये? गोलांमध्ये सातांची नुसती गर्दी.

सरळ अर्थ असा, की सात दिसले की म्हातारा म्हणतो धरू नको. लबाडी. पण दुसराही अर्थ होता, आणि तो काकाजींनी मला आधीच सांगून ठेवला होता. अर्धा वेढा जास्त गेला की सात येतात, ते मी फासे घेऊन ताडून पाहिलं; फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सातच असते, म्हणजे बरोबर होतं. बिघडलेली फेक त्यांना फासे हवेत असतानाच कळत असेल, तर ती सुटतानाच बाद करणं ही लबाडी नाही. उलट त्यांचा हात खरोखर जाणता आहे, ह्याचा तोच पुरावा.

म्हणजे सगळं एका गोष्टीवर आलं. ते "हे धरू नको" कधी म्हणायचे? फासे बसण्याआधी की बसल्यावर?

मी आठवून आठवून थकले. शंभर दिवस मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते, हजारो फेकी माझ्या नाकासमोर झाल्या होत्या, आणि मला सांगता येत नव्हतं. कारण फासे हवेत असायचे तेव्हा मी मान खाली घालून मागचा आकडा लिहीत असायची. ही चूक आमच्या खात्यातलं माणूसच करू जाणे. आम्ही मोजतो, बघत नाही. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी तं सैपाकात राहतो बाई. मले फक्त टकटक ऐकू येते."

पुन्हा फेकून बघा म्हणावं, तर हात आता बशीही धड धरत नव्हता, त्या फेकींवरून आधीच्या हाताचं काय कळणार?

शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी, मी मनाशी ठरवलं. थरथरत्या हाताच्या माणसाला अकरा वर्षं फुकट गेली असं सांगायचं, आणि तेही स्वतःला खात्री नसताना? मला ते जमेना. मी कोऱ्या कागदावर लिहिलं: "मोजणीवरून असे दिसते की हा हाताचा परिणाम आहे, योगायोग नव्हे." खाली सही केली. पेन्सिलीच्या गोलांबद्दल एक शब्द लिहिला नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार बरं वाटलं. जाता जाता म्हाताऱ्याला आपण काहीतरी देऊन जातोय, असं वाटलं.

काकाजींनी कागद दोनदा वाचला. "म्हंजे हातच," ते म्हणाले.

"हो काकाजी. हातच."

त्यांना आनंद होईल म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. तेवढ्यात बाहेर तीनचाकीची साखळी वाजली. काकू लगबगीनं चादर घ्यायला गेल्या, तर काकाजींनी हातानं नको म्हटलं. टेबल उघडंच राहिलं. मितानला त्यांनी धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. मितान ते फासे, ते ब्लँकेट, त्या स्लिपरांच्या तुकड्यांकडे बघत राहिला.

"मितान," काकाजी म्हणाले, "ओ दिन नसीब नइ रहिस. मोर हाथ रहिस. सरिया मोर हाथ ले बिगड़िस."

एवढी छत्तीसगढी मला तोवर समजायला लागली होती. त्या दिवशी नशीब नव्हतं, माझा हात होता, सळई माझ्या हातून बिघडली. काकूंच्या हातात पोह्यांची ताटली होती, ती तशीच राहिली. त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मिलवाले म्हनले होते नशीब. हे तवापासून म्हन्तेत, नशीब असंन तं मले कोनीतरी दाखवा."

आत्ता कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. अकरा वर्षं हा माणूस त्या टेबलापाशी उभा राहून काय फेकत होता, ते. मितानला सरळ विचारणं शक्य नव्हतं. काकाजी नेहमी म्हणायचे, मितानची माफी मागत नसतात, मागितली की मितानी संपली. म्हणून त्यांनी फाशांना विचारलं. हात काही करू शकत नाही असं निघालं असतं, तर ते सुटले असते. आणि मी, बिनकामाच्या हाताची, दयाळू, हुशार मुलगी, त्यांना गुन्हेगार ठरवून सही करून बसले होते.

मी पुढे झाले. "काकाजी, थांबा," मी म्हणाले. "मी सगळं लिहिलं नाही. तुम्ही धरू नको म्हणायचे त्या फेकी मी सोडल्यात. त्या धरल्या तर हाताचं काहीच उरत नाही. तो कागद बरोबर नाही. म्हणजे बरोबर असेलही, पण..."

"सही तुहीच न?"

"माझीच, पण..."

"मंग झालं."

मितान इतका वेळ टेबलाकडेच बघत होता. तो म्हणाला, "अतका बछर ले तैं इही ला धर के बइठे हस?" एवढी वर्षं हेच धरून बसलायस? मग त्यानं डोकं खाजवलं. "मोला का पता, मितान. मैं त ओ बेरा फाटक कोती देखत रहेंव. घर ले डब्बा आवत रहिस."

त्याला ठाऊकच नव्हतं. सळई आली तेव्हा तो फाटकाकडे बघत होता, घरून डबा येत होता म्हणून. मिलच्या चौकशीत त्यानं हे सांगितलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

काकाजींनी ऐकलं. त्यांचं समाधान झालं की नाही, ओझं उतरलं की दुप्पट झालं, मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघितलं तरी मला कळलं नाही. मितान म्हणाला, "चाहा जुड़ावत हे." चहा गार होतोय. दोघं ओट्यावर जाऊन बसले. आत काकूंनी टोमॅटो धुवायला घेतले. मी वर जाऊन बॅग भरली.

माझी बस दुपारची होती. रिक्षा यायला वेळ होता म्हणून खिडकीशी उभी राहिले. मितान घरी निघाला होता. त्याची रिकामी पिशवी काकूंनी तांदळानं भरून दिली होती, चांगली जड दिसत होती. काकाजींनी ती उचलली. उजव्या हातानं. पिशवी सायकलच्या मागे ठेवली आणि त्याच हातानं सायकलची पाठ धरून ढकलायला लागले. हात थरथरत होता, त्यामुळे सायकल थोडी तिरपी तिरपी जात होती. मितान दांडी फिरवायचं सोडून मांडीवर हात ठेवून बसला होता. काकू माझ्यामागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. "ढकलू दे," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

जाताना मी खाली टेबलापाशी थांबले. माझा कागद ब्लँकेटवर पडला होता, त्याच्यावर ते दोन लाल फासे ठेवलेले. कागद उचलून फाडता आला असता. दोन वेळा हात पुढे केला आणि मागे घेतला. फाडला तर मी खोटं लिहिलं होतं असं होतं, ठेवला तर खरं लिहिलं होतं असं, आणि ह्यातलं काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं.

अजून माहीत नाही. काकाजी गेल्याचं काकूंनी कळवलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. पत्रात एवढंच होतं, की त्या रविवारनंतर त्यांनी फासे हातात धरले नाहीत, आणि मितानला घरी सोडायला मात्र दर रविवारी गेले. ते वाचून मी ट्रंकेतून वही काढली आणि पुन्हा एकदा सगळे गोल मोजले. आकडे तेच. ह्या वहीत शंभर दिवसांची प्रत्येक फेक आहे, फक्त त्या माणसाचा हात एकदाही दिसत नाही. तो हलायचा तेव्हा मी वहीत बघत होते.